छपरावरच्या खेडेकर मॅडम

खेडेकर मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच घराचं छप्पर उसकटताना. रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, शंभराच्या वर बंगल्यांची वसाहत उभी राहत होती, त्यातला एक आमचा. मिस्टर बोटीवर, त्यामुळे बांधकाम बघायला मीच जायची. त्या दिवशी गेले, तर नुकतंच कौलं चढवून झालेलं छप्पर अर्धं उघडं! वर पन्नाशीची एक बाई, पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, एकेक कौल काढून खाली देतेय.

"अहो, कोण तुम्ही? माझं घर आहे ते!" मी खालून ओरडले.

"कुणाचंही असतं तरी उतरवलं असतं," त्या वरूनच म्हणाल्या. "घाई असेल तर ताडपत्री घाला नि राहा."

माझं डोकं फिरलं. तक्रार करायला ऑफिसात गेले, तेव्हा कळलं की ही बाई वसाहत बांधणाऱ्या कंपनीचीच इंजिनियर. सगळ्या घरांची छपरं एकसारखी पक्की होतायत की नाही, हे बघणं हेच तिचं काम.

ते काम सोपं नव्हतं. गिऱ्हाइकांना दाखवायचं नमुना घर राजापूरच्या मुरलेल्या सुतारांनी बांधलेलं. त्याचं छप्पर बघूनच आम्ही सगळे भुललो होतो. पुढच्या लेनी मात्र वेगवेगळ्या टोळ्यांना वाटून दिलेल्या. कुणी कौलांखालच्या लाकडी रिपा हव्या तशा ठोकायचे, कुणी कडेच्या कौलांना स्क्रू मारायचे, कुणी नुसतीच टेकवून मोकळे. "खालून बघणाऱ्याला सगळी छपरं सारखीच तांबडी," मॅडम म्हणायच्या. "वारा खालून बघत नाही."

तोंड तिखट. गोड बोलणं त्यांना जमतच नसे. एकदा त्यांनी मुकादमाला शिडीवर चढवलं आणि त्याच्या देखत कडेचं कौल एका बोटाने उचललं. "सड्यावरचा वारा काय या बोटापेक्षा अशक्त आहे, मेल्या?" पण त्याच दुपारी, मी ऑफिसात बसले असताना, त्या मॅनेजरवरही तशाच कडाडल्या. "जितकी कौलं तितकी मजुरी म्हटलंत, तर माणसं कौलंच ठेवणार. स्क्रू कोण मारणार? तुम्ही?"

शेवटच्या लेनीवर गाडं अडलं. पाडव्याला पाहुण्यांच्या हस्ते किल्ल्या द्यायचं ठरलं होतं, मांडवसुद्धा सांगून झाला होता. आणि मॅडम त्या लेनीची छपरं पास करेनात.

"मॅडम, शेवटचीच लेन आहे हो. तेवढं सांभाळून घ्या," मॅनेजर म्हणाला.

"शेवटच्या लेनीतल्या माणसांची डोकी स्वस्त आहेत का?"

मॅडमची बदली शहरातल्या ऑफिसात झाली, खरेदी खात्यात. तिथे छप्पर म्हणजे फॉल्स सीलिंग. लेन पास झाली, किल्ल्या वाटल्या गेल्या, पेढे वाटले गेले. ते पेढे मीही खाल्ले. आज आठवलं की तोंड कडू होतं.

मे महिन्याच्या अखेरीस वादळ आलं. आमच्या छपराचं एकही कौल हललं नाही. शेवटच्या लेनीतली मात्र पत्त्यांसारखी उडाली. तिथे राहणाऱ्या सावंत वहिनी अंगणात वाळत घातलेली आमसुलं गोळा करायला धावल्या, आणि वरून आलेलं कौल त्यांच्या खांद्यावर बसलं. नवरा मुंबईत नोकरीला, घरात म्हातारी सासू. आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं.

कंपनीने वसाहतीत सभा घेतली. मॅनेजर हात जोडून म्हणाला, "नैसर्गिक आपत्ती आहे. निसर्गापुढे आपलं काय चालतं?"

मागून खेडेकर मॅडम उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"वारा सगळ्या लेनींवर सारखाच आला. मग कौलं वेगळी का वागली?"

"मॅडम, तुम्ही कंपनीच्या आहात."

"आहे ना. म्हणूनच मला ठाऊक आहे."

मॅनेजरचा मला राग आलाच, पण त्याहून जास्त आला आमच्याच शेजाऱ्यांचा. कुणीतरी पुटपुटलं, "हे बाहेर गेलं तर घरांच्या किमती पडतील." दोघातिघांनी माना डोलावल्या!

झोळीत हात अडकवलेल्या सावंत वहिनी उभ्या राहिल्या. "माझा हात लुळा पडला, त्याची किंमत सांगा आधी." मग मॅडमकडे वळून म्हणाल्या, "माझं उरलेलं छप्पर उघडा. आत्ता. सगळ्यांसमोर."

मॅडम चढल्या. कौलामागून कौल खाली येत होतं. कडेच्या एकालाही स्क्रू नव्हता, स्क्रूसाठी पाडलेलं भोकसुद्धा नव्हतं. मग किमतींची काळजी करणारा शेजारीच आपल्या घरातून शिडी घेऊन आला. "आमचं पण बघा," एवढंच म्हणाला.

कंपनीला सगळी लेन नव्याने करून द्यावी लागली. मॅडमना तोवर कामावरून काढलं होतं, तरी त्या रोज येऊन उभ्या राहायच्या. आता आमच्या वतीने. त्यांना हटकायची कुणाची छाती झाली नाही. पण त्यानंतर रत्नागिरीत एकाही बिल्डरने त्यांना दारात उभं केलं नाही. बाई भांडकुदळ आहे म्हणे! स्क्रू न मारणारे सगळे सज्जन, आणि ही भांडकुदळ. हल्ली त्या गुहागरला माहेरी असतात, लोकांची जुनी छपरं दुरुस्त करून देतात. सावंत वहिनींचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

परवा त्याच कंपनीच्या नव्या वसाहतीचं गुळगुळीत पत्रक दारात पडलं. "प्रत्येक छप्पर स्वतंत्रपणे तपासलेले." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मॅडमना फोन लावला आणि ती ओळ वाचून दाखवली.

"तपासणार कोण?" त्यांनी विचारलं.

"नाव नाही छापलेलं."

"मग वाऱ्याचं छापा म्हणावं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.