राखून ठेवलेला डोळा

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार मिनिटकाका म्हणायचा, आणि ते काही कौतुकाने नव्हे. गिऱ्हाईक आलं की भिंगातून मान वर न करता तो म्हणे, "एक मिनिट." तेवढ्यात गिऱ्हाईक समोरच्या दुकानात चपला बघून, घासाघीस करून, न घेताच परत येई, तरी याचं मिनिट संपलेलं नसे. दुसऱ्यांची घड्याळं नीट करणाऱ्याने वेळेशी असं वैर का धरावं, हे त्याच्या बायकोलाही कधी कळलं नाही. तिचं स्वतःचं घड्याळ, लग्नात त्यानेच दिलेलं, लेक शाळेत जायला लागली तेव्हा बंद पडलं होतं. लेकीचं लग्न होऊन ती परगावी गेली, तरी ते त्याच्या खणात पडूनच होतं.

दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टाचा त्याच्या डोक्यावर वाजत. माणूस अंगाने असा की आत शिरताना आधी खांदा, मग श्वास रोखून पोट, मग उरलेला तो. बसल्यावर पोट मावावं म्हणून त्याने सुताराकडून टेबलाच्या कडेला अर्धचंद्र कापून घेतला होता. पुढे तो आणखी मोठा करून घ्यायची वेळ आली तेव्हा सुतार म्हणाला, "काका, पुढच्या खेपेला टेबल राहू द्या, तुम्हालाच तासून देतो." यावर सगळ्यात मोठ्याने तोच हसला. पोटाचा त्याला फायदाही होता. चिमट्यातून निसटलेला स्क्रू जमिनीवर जात नसे, शर्टावर पडे, आणि तो तिथून अलगद उचलून घेई.

काम करताना उजव्या डोळ्यात भिंग आणि डावा घट्ट मिटलेला. या धंद्यातली पुष्कळ माणसं दुसरा डोळा उघडा ठेवायला शिकतात. हा शिकला नाही. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "उजवा दुकानाचा. डावा म्हातारपणासाठी राखून ठेवलाय. कोरा करकरीत आहे." बायकोला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं आणि कुठेतरी खरंही वाटत होतं. न वापरलेली वस्तू बिघडेल कशाला, असंच कोणालाही वाटणार.

मधुमेह त्याला बापाकडून आला, दुकानासारखाच. आधी गोळ्या, मग जास्त गोळ्या, मग इन्सुलिन. सकाळी बोट टोचून साखर बघायची, जेवणाआधी पोटावर सुई द्यायची, हे सगळं बायकोच्या अंगावर. स्वतःला टोचायचं म्हटलं की या बाप्याचं तोंड एवढंएवढंसं होई. पथ्याचं खाणं ती करी, तो मुकाट्याने खाई, आणि तरी साखर काही खाली येत नसे. डॉक्टर तिच्याकडे संशयाने बघत. तिला वाटे, आपलंच कुठेतरी चुकतंय.

चुकत होतं ते दुकानात. त्याच्या धंद्याची एक अडचण होती आणि ती त्याने डॉक्टरांनाही सांगितली नव्हती. साखर उतरली की हात थरथरतो. एकदा एका म्हाताऱ्याचं घड्याळ उघडलेलं असताना तसा हात थरथरला आणि आतली केसासारखी स्प्रिंग वेडीवाकडी झाली. म्हातारा नुसतं घड्याळ रुमालात बांधून घेऊन गेला. त्या दिवसापासून मिनिटकाकाने कानाला खडा लावला. बारीक काम असलं की बसायच्या आधी गोड चहा आणि वर बिस्किटं. बायकोला एक दिवस खणात तबकड्यांच्या खाली बिस्किटांची वेष्टनं सापडली.

"हे काय?" तिने विचारलं.

"साखर जास्त झाली तर कोणाला दिसते?" तो म्हणाला. "हात थरथरला तर गिऱ्हाईकाला दिसतो. हात गेला तर मी कोण राहतो, सांग."

"आणि मी कोण? आयुष्यभर सुया टोचायला आणलंय मला?"

तो म्हणाला, "एक मिनिट," आणि भिंग लावलं.

पायाची जखम महिनोन् महिने चिघळली, तरी तो बधला नाही. बधला तो डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंपुढे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आहेत, साखर आणि वजन असंच राहिलं तर नजर जाईल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सोनाराने कान टोचले. लेक कितीतरी दिवस फोनवरून ज्या शस्त्रक्रियेसाठी त्याच्या मागे लागली होती, तिला त्याने त्याच संध्याकाळी होकार दिला. जठर कापून लहान करायचं, म्हणजे खाणं कमी, वजन कमी, आणि साखरही ताब्यात. सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे सुतार खोटं बोलत नव्हता."

डॉक्टरीणबाईंनी मात्र एक गोष्ट बजावली होती आणि ती बायकोने स्वतःच्या कानांनी ऐकली होती. "शस्त्रक्रियेनंतर साखर झपाट्याने उतरेल. उतरायलाच हवी. पण इतकी वर्षं चढलेली साखर एकदम उतरली की डोळ्यांचा पडदा कधी कधी सुधारायच्या आधी बिघडतो. म्हणून आधी एकदा येऊन जा, आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी दाखवा. दिसतंय छान म्हणून थांबू नका." दोघांनी माना डोलावल्या. पायऱ्या उतरताना तो म्हणाला, "एक मिनिट, आधी ते पोटाचं तर होऊ दे."

पोटाचं झालं, आणि असं झालं की सुंठीवाचून खोकला गेला. घरी येतानाच इन्सुलिन बंद झालं होतं, आणि पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांनी गोळ्याही एकेक करून काढून टाकल्या. राहिल्या त्या फक्त व्हिटॅमिनच्या, त्या मात्र जन्मभराच्या. खाणं चमच्याने मोजावं एवढंसं, सावकाश चावून, थोड्या थोड्या वेळाने. म्हणून ती दुपारी छोटा डबा घेऊन दुकानात जाऊ लागली. एकदा जुन्या सवयीने त्याने गोड बिस्किट तोंडात टाकलं, तर घाम सुटला, छाती धडधडायला लागली आणि तो जिन्याखाली आडवा झाला. बिस्किटं सुटली. वजन उतरत गेलं. अर्धचंद्र रिकामा पडला आणि स्क्रू त्यातून सरळ जमिनीवर जायला लागले. मग तिने टेबलाखाली कापडाची झोळी शिवून दिली. हात आता थरथरत नव्हता. तो दारातून सरळ आत शिरायचा, आणि शिरल्यावर मुद्दाम परत बाहेर येऊन पुन्हा शिरून दाखवायचा.

ते तिचे सुखाचे दिवस होते. टोकणं हा तिचा स्वभाव नव्हता. ती तिला लग्नाबरोबर मिळालेली नोकरी होती, आणि आता ती सुटली होती. साखर मोजायचं यंत्र तिने डब्यात घालून कपाटावर ठेवून दिलं. एकदा डोळ्यांची आठवण झाली तेव्हा ती म्हणाली, "अहो, डॉक्टरीणबाईंकडे जायचं राहिलंय ना?"

"एक मिनिट," तो म्हणाला. "साखरच राहिली नाही, तर डोळ्यांना काय धाड भरलीय? सगळं लख्ख दिसतंय."

पूर्वीची ती असती तर रिक्षा बोलावूनच आली असती. या वेळी तिने सोडून दिलं. दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची तिचीच इच्छा नव्हती. हे तिने पुढे लेकीला सांगितलं, आणि सांगताना तिला रडू आवरलं नाही.

तशा खुणा झाल्या होत्या. घरात चालताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटे. डाव्या हाताला ठेवलेला चहा दोनदा सांडला. ती हसायची. म्हणायची, "नवीन अंगाचा अंदाज आला नाही अजून." तोही हसायचा. बारीक झालेल्या माणसाचं असं होत असेल, यापलीकडे कोणाच्या मनात काही आलं नाही.

एका दुपारी ती डबा घेऊन गेली, तर त्याने खण उघडून तिचं घड्याळ बाहेर काढलं. "बस," तो म्हणाला. "आज तुझं मिनिट."

ती स्टुलावर बसली. त्याने मागचं झाकण उघडलं, उजव्या डोळ्याला भिंग लावलं आणि वाकला. मग भिंग काढून शर्टाला पुसलं. परत लावलं, परत पुसलं.

"भिंगात काळं काहीतरी हलतंय," तो म्हणाला. "दोरे दोरे. आता तर शाई सांडल्यासारखं झालंय."

"डोळा धुता का?"

"नको. दमला असेल बिचारा, किती वर्षं राबतोय." तो घाबरलेला नव्हता. उलट थोडा खुशीतच होता, कारण हा दिवस येणार हे तो केव्हापासून सांगत आला होता. त्याने भिंग डाव्या डोळ्याला लावलं. "चला साहेब, सुट्टी संपली," असं म्हणून उजवा डोळा मिटला.

चिमटा हातात तसाच राहिला.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "दिवा लाव ना."

दिवा लागलेलाच होता. त्याच्या मनगटावर, चिमट्यावर, तिच्या उघड्या घड्याळावर उजेड पडला होता. काय करावं तिला सुचेना. तिने बटण बंद केलं आणि परत चालू केलं.

"लावला," ती म्हणाली. "आता?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं. डाव्या डोळ्याचा पडदा ओढला जाऊन केव्हाच सुटला होता. नुसत्या डाव्याने तो कधी बघतच नव्हता, घरी-दारी उजवा सगळं सांभाळून घेई, म्हणून कळलं नाही. आता उजव्यात रक्त उतरलं होतं. शस्त्रक्रियेने असं झालं का, असं तिने विचारलं. दोष शस्त्रक्रियेचा नाही, त्या म्हणाल्या, जुन्या साखरेने आधीच पोखरून ठेवलं होतं. वेळेवर आला असतात तर लेझरने बरंच वाचवता आलं असतं. मग फाईल चाळता चाळता म्हणाल्या, "साखर मात्र उत्तम आहे हो."

"हो," तो म्हणाला. "ती उत्तम आहे."

इंजेक्शनं झाली, लेझर झालं, उजव्याचं ऑपरेशन झालं. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं म्हणतात. याच्या पदरात अर्धाही पडला नाही. खिडकीचा उजेड कळतो, दारात कोणीतरी उभं आहे एवढं कळतं. नजर गेली की बोटं शहाणी होतात, असं बाजारातल्या लोकांनी त्याला सांगितलं. तसं काही झालं नाही. बायकोच्या घड्याळाचे स्क्रू त्याने चाचपडत लावून बघितले. त्यातला एक झोळीतही सापडला नाही. मग तीच जिन्याखाली बसून लोकांची घड्याळं जशीच्या तशी परत देऊ लागली. माणसं हळहळत, एखाददुसरा सवयीने विचारी, "काका कुठेत?" आणि तिच्या तोंडून निघून जाई, "एक मिनिट."

आता ती रोज सकाळी कपाटावरचा डबा काढते आणि त्याचं बोट टोचते. डॉक्टरांनी रोज बघायला सांगितलेलं नाही. तो विचारतो, "किती?" ती सांगते. आकडा कुठल्याही निरोगी माणसाचा असावा असा असतो. डोळ्यांची तारीख ती आता स्वतःहून आदल्या दिवशी फोन करून पक्की करते.

परवा ती त्याच्यासमोर वाटी घेऊन बसली होती. तो खिडकीकडे तोंड करून होता. तिने हाक मारली तसा तो वळला आणि तिच्याकडे नीट बघता यावं म्हणून त्याने डावा डोळा घट्ट मिटला, जसा इतकी वर्षं मिटत आला होता तसाच.

"आता कशाला मिटता तो?" ती म्हणाली.

तो थांबला. आपण तो मिटलाय हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"राहू दे," तो म्हणाला. "राखून ठेवलाय." आणि पूर्वी बोलायचा त्याच सुरात पुढे म्हणाला, "कोरा करकरीत आहे."

तो हसला. तिला हसता आलं नाही. तिने त्याच्या हातात चमचा दिला आणि वाटी कुठे आहे ते सांगितलं.