वकीलबाईंचा चष्मा

ब्लाउजचं माप देऊन मी शिंपीकाकांच्या दुकानात बसले होते. कापड कापताना काका टीव्हीचा आवाज बंद ठेवतात. पडद्यावर चार चौकटी, चार माणसं, सगळ्यांची तोंडं एकदम हलत होती. चौथ्या चौकटीत आमच्या सरकारी वकीलबाई. कोर्ट सोडून आता त्या रोज गुन्ह्यांवरच्या चर्चेत दिसतात. ओठांना रंग असतो, शोभतोही.

मी त्यांना जिल्हा कोर्टात पाहिलं, तेव्हा त्यांच्या काळ्या कोटाची कोपरं विटली होती. भावाच्या खुनाच्या खटल्यात मी साक्षीदार होते. समोर आरोपी, आमच्याच गल्लीतला, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाईंनी चष्मा काढून फाइलवर ठेवला. म्हणाल्या, "सावकाश. मी थांबलेय."

आणि खरंच थांबल्या. वर पंखा कुरकुरत होता, कडुलिंबाची सावली टेबलावर हलत होती. इतकं थांबून माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं. मग मी सगळं सांगितलं.

आता घराघरांत बाईंचं बोलणं ऐकतात. त्यांचं थांबणं किती जणांना माहीत असेल?

"झालं कापून. आवाज वाढवू का, ताई?"

"नको, काका."

तेवढ्यात पडद्यावर बाईंनी चष्मा काढून समोर ठेवला आणि त्या गप्प झाल्या. बाकीची तोंडं हलतच राहिली. मग साबणाची जाहिरात लागली.

मी मात्र खुर्चीत ताठ बसले होते, बोलायला तोंड उघडून.