आत्याची राहिलेली सही

माझ्या माहेरच्या, वळ गावच्या जमिनीवर आजोबांच्या वेळचा शेतसारा थकला आणि सरकारनं ती खेचून घेतली. टीचभर तुकडा, पण आता चारी बाजूंनी गोडाऊनं उठलीत. थकबाकी भरा नि जमीन परत न्या, असं सरकारनं सांगितलं तेव्हापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. अर्ज मी केला, तहसीलच्या पायऱ्या मी झिजवल्या, पैसे भरायला बांगड्या मी मोडल्या. दादाला म्हणे ड्युटीतून सवड नाही! जाऊ दे म्हटलं. बाबा गेले, आता सातबाऱ्यावर दादाचं नि माझं नाव लागेल, एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं.

जमीन सुटली आणि तलाठ्याकडे घोडं अडलं. बाबांनी बाकीच्या शेतांवर आत्याची हक्कसोडीची सही तिच्या लग्नानंतर लगेच घेतली होती. ही तेवढी राहिली. सरकारच्या जमिनीवर बहिणीची कसली सही, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

"जा, घेऊन ये," म्हणत दादानं कागदांची फाईल नि साडीची पिशवी माझ्या हातात कोंबली. हक्क सोडणाऱ्या बहिणीला आमच्यात साडी देतात.

आत्याच्या सासरी, राहनाळला जायच्या रस्त्यावर कंटेनरांची ही रांग! रिक्षा हलेना. आत्या नाही म्हणाली तर? माझा जीव खालीवर. शेवटी उतरले नि उन्हातून चालत सुटले.

आत्यानं आधी पाणी दिलं. मग पिशवीतून साडी काढली. मग आणखी एक काढली, गुलाबी.

"दोन कशाला गो?"

"दोन्ही तुझ्याच. सही कर ना आत्या, ऑफिस बंद होईल!"

"ह्या वयात मी गुलाबी नेसू?" ती माझ्याकडे बघत राहिली. "फाईल नीट बघितलीस काय?"

बघितली नव्हती. तिच्या कागदाखाली दुसरा हक्कसोडीचा कागद होता, माझ्या नावाचा.

मेल्यानं मला विचारलंसुद्धा नाही!

"मी बी केलेली सही," आत्या म्हणाली. "साडी बरी व्हती. दोन वर्सं टिकली."

मी साड्या पिशवीत कोंबल्या. म्हटलं, "चप्पल घाल आत्या. आपल्या दोघींची नावं लावून येऊ."

ती कधीच उठून छत्री शोधत होती.