मैनाबाई रिकामी

माणूस किती हलकट वागू शकतो हे पाहायचं असेल तर माझ्याकडे पाहा. मी धर्मेंद्र, अमरावतीच्या एमआयडीसीत शर्ट शिवायच्या कारखान्यात सुपरवायझर. पण हे सांगून राहिलो ते मैनाबाईचं.

मैनाबाई कॉलर शिवते, अकरा वर्षं झाली. माहेरी फुलांचा धंदा, लहानपणापासून हार ओवलेले, म्हणून बोटं अशी चालतात की पाहत राहावं. नवरा सूर्यभान गावाकडे झेंडू लावतो. लेकरू झालं नाही. एक कॉलर झाली की मशीन थांबवायची, टोकं अंगठ्यानं दाबून पाहायची, मगच दुसरी घ्यायची, ही तिची रीत. तिची कॉलर कधी परत आली नाही.

मागच्या वर्षी कंपनीनं प्रत्येक मशीनले मीटर लावलं. किती नग झाले, मशीन किती मिनिटं बंद होती, सगळं समोरच्या मोठ्या टीव्हीवर. आपला आकडा डोळ्यांसमोर असला की माणूस आपोआप जोर लावतो, असं मॅनेजरचं म्हणणं. मथळे मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. बंद मिनिटांच्या रकान्यावर मी हौसेनं ‘मशीन रिकामी’ लिहिलं. ते रकान्यात मावेना, म्हणून ‘मशीन’ उडवलं.

पहिल्याच दिवशी टीव्हीवर झळकलं: मैनाबाई, रिकामी, ४७. मागच्या रांगेतून कोणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि अख्खा हॉल हसला. मीही हसलो. खोटं कशाले बोलू, चांगले दात काढून हसलो. सासरी तिले याच शब्दानं हिणवत, हे मले ठाऊक होतं. माझ्या बायकोजवळ, हर्षाजवळ, ती एकदा रडली होती.

दुसऱ्या दिवसापासून मैनाबाई जागची हलेना. टोकं दाबून पाहणंही सोडलं. सत्तेचाळीसचे सहा झाले. तिचं पाहून बाकीच्याही उठेनाशा झाल्या. माल वाढला, मॅनेजरनं माझी पाठ थोपटली, अकोल्याच्या कारखान्यातही माझ्याच मथळ्यांचा बोर्ड लागला. मी राजापेठेतून पेढे घेऊन घरी गेलो. काय म्हणावं अशा माणसाले?

मे महिन्यात ती चक्कर येऊन मशीनवरच पडली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, ही बाई दिवसभर पाणीच पीत नाही का? तिच्या शेजारच्या मशीनवरची वर्षाली मले बाहेर घेऊन गेली.

“पानी पेलं का उठा लागते, धर्मेंद्रभाऊ,” ती म्हणाली. “उठलं का रिकामी.”

मी तसाच कारखान्यात गेलो आणि मथळा बदलून ‘मशीन थांबली’ केला. अक्षर जरा बारीक केलं, तर सहज मावलं. दोन मिनिटांचं काम होतं. अकोल्यालेही फोन करून बदलायले लावलं.

मग दवाखान्यात येऊन तिच्या खाटेजवळ बसलो. शब्द मशीनचा होता, तुमचा नव्हता. जागा पुरली नाही म्हणून अर्धाच राहिला. आता बदलला, असं सगळं समजावून सांगितलं. 

“मशीनचा होता, मानलं,” ती म्हणाली. “मंग तुमी हासले काहून?”

गावाहून आलेल्या सूर्यभाननं माझ्यापुढे पाण्याचा गिलास धरला होता. मले तो घेता आला नाही.