दुखणंकाकूंच्या घरची पाहणी

गल्लीत त्यांना सगळे दुखणंकाकू म्हणत आणि काकूंना त्याचा भारी अभिमान. कामच तसं होतं. जगभरात किती माणसांचे गुडघे, कंबर, मान, खांदे दुखतात, पूर्वी कधीतरी पडल्यानं किती जण अधू झालेत, याची एक अवाढव्य मोजदाद चालली होती. आपल्या भागापुरती ती काकू दारोदार हिंडून करत.

"मरणाची मोजदाद सोपी," त्या म्हणत. "माणूस एकदाच मरतो. कंबर रोज दुखते, तिला विचारतंय कोण?"

विचारलं तरी सांगतंय कोण, हीच तर खरी डोकेदुखी होती. दार उघडणारी बाई कमरेवर हात ठेवूनच म्हणे, "छे, मला कुठं काय होतंय!" कोपऱ्यावरचा शिंपी मान वळेना म्हणून अख्खाच्या अख्खा वळे आणि आपण ठणठणीत असल्याचं सांगे. म्हणून काकूंनी स्वतःची रीत काढली होती. प्रश्न नंतर, आधी घरातल्या माणसाला म्हणायचं, "जरा पाणी देता का?" मग बघत बसायचं. कोण खुर्चीवर भार देतं, कोण भिंत धरतं, कोण उठण्याआधी मनाची तयारी करतं. दुपारपर्यंत काकूंच्या पोटात पाणी डचमळत असे, पण पाहणी चोख होई.

हाताखाली आलेल्या नव्या मुलीला त्यांनी हे सगळं शिकवलं. वर सांगितलं, "ज्या घरात चष्मा, फोन, औषधं, पाणी, सगळं एका खुर्चीभोवती गोळा झालेलं दिसेल, तिथं पाणी मागूसुद्धा नकोस. गुडघे गेलेत समज."

काकूंच्या गुडघ्यांनी मात्र वर्षभरापासून संप पुकारला होता. जिन्यात मध्येच थांबून त्या पर्समध्ये काहीतरी शोधल्याचं सोंग करत. कारण साहेबांनी बजावलं होतं, जिने झेपत नाहीत त्यांना कचेरीत फोनवर बसवणार. त्यांना दारं आवडत, दारामागची माणसं आवडत. चार भिंतींत बसून कानानं पाहणी करायची, या विचारानंच त्यांना रडू येई.

कुठल्या घरांची पाहणी करायची ते दरवर्षी संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवी, आणि नेमकं यंदा त्यानं काकूंचंच घर निवडलं. स्वतःच्या घरची पाहणी स्वतः करायची नाही, असा नियम. नवी मुलगी आली. काकू तयारीतच होत्या. पाण्याची बाटली आणि पेला टेबलावर, बिस्किटांचा डबा शेजारी. उठायचा प्रश्नच नको.

"काही दुखतं का, काकू?"

"छे, मला कुठं काय होतंय!"

म्हणाल्या आणि त्यांचा त्यांनाच राग आला. शेजारी बसलेल्या काकांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. मुलीनं बाटलीकडं पाहिलं, डब्याकडं, चष्म्याकडं, खुर्चीखालच्या मलमाच्या ट्यूबकडं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मी पाणी मागणार नाहीये."

काकू एकदम म्हणाल्या, "लिही. दोन्ही गुडघे. उजवा जास्त."

"आणि जिना चढताना थांबून पर्समध्ये शोधाशोध करते, तेही लिहा," वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"तुम्ही गप्प बसा हो!" काकूंचे डोळे भरून आले. "साहेब वाचतील आणि मला फोनवर बसवतील. अगं, फोनवर माणूस उठताना कसं दिसणार मला?"

मुलीनं जरा विचार केला. "दिसणार नाही. पण पाणी आणायला पाठवलंत तर ऐकू येईल ना? उठताना माणूस आवाज करतोच."

काकूंनी नाक पुसलं. तिच्यासाठी चहा टाकायला म्हणून दोन्ही हात खुर्चीवर रोवले, आणि वर्षभर गिळलेलं "आई गं!" खणखणीत म्हणत उठल्या.

"आलं ऐकू?" त्यांनी विचारलं.