त्या गाण्यांचा काहीच दोष नव्हता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण परवा नाशिकला कॉलेज रोडवर एका दुकानात एक टी-शर्ट टांगलेला पाहिला आणि डोकंच फिरलं. त्यावर एका जुन्या इंग्लिश मेटल बँडच्या अल्बमचं चित्र होतं. माझ्या अल्बमचं. एक पोरगी तो अंगाला लावून आरशात बघत होती. मी विचारलं, ऐकलाय का? ती म्हणाली, "हे गाणं आहे? मला वाटलं नुसतं डिझाइन."

राग आला. पण तिच्यावर कशाला चिडायचं? तिने त्या अल्बमचं काही वाकडं केलेलं नाही. मी केलंय.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, आणि पुढे फिरत फिरत दिंडोरीजवळ अण्णांच्या द्राक्षबागेत ट्रॅक्टर चालवायला आलो. अण्णांनी राहायला खोली दिली. पहिल्या हिवाळ्यात अण्णांच्या बायकोने, काकूंनी, स्वतःच्या पेटीतली गोधडी काढून दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही — विसरणारही नाही. पण रोज सकाळी उठलो की एकच भीती असायची, आज हे मला जा म्हणतील. माझ्यासारख्याला जा म्हणायला कितीसं कारण लागतं?

बागेतली मोटर, पंप, औषध फवारायचा ब्लोअर, सगळं सुनीलदादा बघायचे. नाशिकरोडचे. त्यांचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, तिथल्या कॉलनीत कुणाकडून तरी दादांना शाळेत असताना त्या अल्बमची कॅसेट मिळाली होती. बागेवरच्या त्यांच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी, फुटू नये म्हणून कापडात गुंडाळून, ती कॅसेट. वाजत नव्हती आता. गाणी त्यांनी फोनमध्ये घेतली होती आणि माझ्याही फोनमध्ये भरून दिली.

आठ गाणी. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी हसलो. हे काय, ह्याला कुणी चावलंय का, म्हटलं. दादा म्हणाले, "गजू, हसून झालं की परत ऐक." परत ऐकलं. मग — कसं सांगू? आतापर्यंत मी सगळ्यांशी हळू आवाजात बोलत आलो होतो. हो अण्णा, बरं काकू, चुकलं अण्णा. आणि इथे एक माणूस माझ्या वतीने ओरडत होता! शब्द कळत नव्हते. दादा जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसून समजावून द्यायचे, हे लढाईवर पाठवलेल्या पोराचं, हे वेड लागत चाललेल्या माणसाचं. अण्णांचा पुतण्या म्हणायचा, "आठवी नापास, आणि इंग्लिश गाणी! काय कळतं रे तुला?" मला कळत होतं. त्याला कळलं असतं का, सांगा.

गावात सगळे त्यांना सैतानाची गाणी म्हणायचे. लग्नात डीजे लावून घरांच्या काचा हादरवणारे, म्हाताऱ्यांना रात्रभर झोपू न देणारे — तेच. त्यांचा तो आनंद, आणि आम्ही दोघांनी कानात घालून ऐकलं की सैतान. आजही हे आठवलं की माझं रक्त तापतं.

तर, ती टाकी. ब्लोअरच्या टाकीतून आम्ही मक्याला तणनाशक मारलं होतं. द्राक्ष फार नाजूक असतं, त्याला त्या औषधाचा वाससुद्धा चालत नाही. म्हणून तणनाशकानंतर टाकी सोडा घालून पुन्हा पुन्हा धुवायची, पाइप, नोझल सगळं. माझं काम ते. मी एकदा पाणी फिरवलं आणि सोडून दिलं. का? कंटाळा आला. बस. यापेक्षा मोठं कारण मी किती वर्षं शोधलं, सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टाकीत भुरी रोगाचं औषध कालवून अण्णांच्या निर्यातीच्या प्लॉटवर फवारलं.

आठवड्यात पानं आकसली. मिटलेल्या पंख्यासारखी झाली, शेंडे वळले. बागेचे सल्लागार आले, एक पान हातात घेतलं आणि म्हणाले, टाकीत तणनाशक होतं. अण्णा माझ्याकडे वळले.

तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "ह्याच्या कानात कायम ते किंचाळणं असतंय. लक्ष कुठं हाय ह्याचं?"

अण्णांनी विचारलं, "गाणी ऐकत होता का रे?"

नव्हतो. माझा फोन तेव्हा खोलीत चार्जिंगला होता. त्या दिवशी मी एकही गाणं ऐकलं नव्हतं. पण अण्णांच्या आवाजात मला सुटायची वाट दिसली. मी म्हणालो, "हो अण्णा. धूतच होतो, तर दादा म्हणाले, राहू दे, हे गाणं ऐक आधी. त्या गाण्यांनी डोकं बधिर होतं माझं."

दादा तेव्हा पार खाली बोअरच्या मोटरपाशी होते. त्यांनी मला हाकसुद्धा मारली नव्हती.

सगळ्यांनी किती पटकन मानलं! याचाच तर संताप येतो. एकानेही विचारलं नाही. शेजारचे एक बागायतदार म्हणाले, "त्या लोकांना जवळ केलं की असंच व्हायचं." मला कळलं ते कोणत्या लोकांबद्दल बोलतायत. अण्णांना माझं आडनाव जवळचं वाटायचं, दादांचं वाटत नव्हतं — आणि खोटं बोलताना मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. त्याच्याच भरवशावर बोललो.

अण्णांनी दादांना बोलावून उद्यापासून येऊ नको म्हटलं. दादा म्हणाले, "अण्णा, मला एकदा विचारा तरी." अण्णा म्हणाले, "विचारायचं काय त्यात?" दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रॅक्टरच्या टायरमधली माती काढत बसलो. ते पान्यांची पिशवी घेऊन गेले. नंतर त्यांना या भागात कुठल्याच बागेत काम मिळालं नाही, तशी बातमीच फिरली होती. नाशिकरोड इथून काही लांब नाही. मी कधी गेलो नाही.

मी अजून अण्णांकडेच आहे. आता मुकादम आहे. गाणी अजून ऐकतो, दार लावून.

या ऑक्टोबर छाटणीला पेठकडच्या मजुरांची नवी टोळी आली. अण्णा दर वर्षी नव्या माणसांना तो किस्सा सांगतात, कानात काही घालून काम करू नका म्हणून. या वेळीही सांगितला. एक बाई हसून म्हणाली, "अशी कशी गाणी ती, बाग जाळणारी?"

"ह्यालाच विचार की. ह्यानं ऐकल्यात," अण्णा म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "लय बेकार गाणी."

ते हसले. मीपण हसलो.