स्पेशल एडिशनच्या डब्यात काय असतं

भिसेगावात गेमचं दुकान आहे म्हटलं की लोक विचारतात, "चालतं का रे?" धंदा काही सांगण्यासारखा नाही. किस्से मात्र पडून राहिलेल्या मालासारखे साठत जातात. दुकान माझं आणि नीलेशचं.

खोपोलीचे कदम कारखान्यात आहेत. बोनस हातात पडला तसे थेट आमच्याकडे आले आणि स्पेशल एडिशन घेतली. पत्र्याचा चकचकीत डबा, किंमत साध्या गेमच्या दुप्पट! काउंटरवरच उघडला. आत डिस्कच नाही, नुसता कोड छापलेला कागद.

"हा कोड टाकून गेम डाउनलोड करायचा," नीलेश म्हणाला.

"मंग मी पैसे डब्याचे दिले काय रं?"

नीलेशनं डबा बोटानं वाजवला. म्हणाला, "डबा चांगला हाय पण!"

त्याच नीलेशनं स्वतःसाठी एक एडिशन पहिल्याच दिवशी, पूर्ण किमतीत घेतली. दिवाळीत तीच, वर आणखी तीन जादा पॅक घालून, निम्म्या किमतीत आली. सेलचा स्टिकर त्यालाच लावायला लागला.

भूषणची नोकरी गेली, तेव्हा तो स्पेशल एडिशनचा सगळा संग्रह विकायला घेऊन आला. त्यातल्या जादा मिशनचे, जादा गाड्यांचे सगळे कोड वापरलेले. ते त्याच्या अकाउंटला चिकटलेले, दुसऱ्याला देता येत नाहीत. मी साध्या जुन्या डिस्कचा भाव सांगितला.

"ज्याचे जास्ती पैसे मोजले, तेच विकता येत नाय?"

"नाय."

"मग ते माझं हाय कसं?"

मी चहा मागवला. दुसरं काय करणार!

आणि गणेश. जवळच्या कोंडाणे गावचा, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. एका गेमची स्पेशल एडिशन त्यानं आगाऊ पैसे भरून बुक केली, कारण शेवटचा बोनस चॅप्टर फक्त तिच्यात होता. माल यायच्या आधीच तो घाटात बाईकच्या अपघातात गेला.

आम्ही त्याच्या वडिलांना बोलावून पैसे पुढे केले. त्यांनी हात लावला नाही.

"त्याची वस्तू आली का?"

नीलेशनं खोका दिला. काकांनी तो उलटसुलट करून बघितला.

"याच्यापायी जेवताना पण गप बसत नव्हता. काय हाय यात?"

"शेवटचा भाग, काका. पण तो लगेच नाय दिसत. आधी आख्खा गेम खेळून संपवावा लागतो, मग उघडतो."

"किती दिवस लागतात?"

"आमच्यासारख्याला रोज बसून महिनाभर."

काकांनी चपला दाराशी काढल्या. दुकानात गेम दाखवायला ठेवलेल्या टीव्हीसमोरची खुर्ची ओढून बसले. नीलेशनं पुढे केलेला कंट्रोलर घेतला आणि चष्मा वर करून त्याची बटणं निरखली.

"यातलं चालायचं बटण कुठलं?"